विश्लेषण : एकाच ऑलिम्पिकमधले दोन बॉक्सर... उसिक जगज्जेता झाला, विजेंदर का नाही?

ऑगस्ट २००८. बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ७५ किलो गटात भिवानीच्या विजेंदर सिंगने कांस्यपदक जिंकले. ऑलिम्पिकमधले भारतीय बॉक्सिंगचे ते पहिले पदक. त्याच स्पर्धेत ९१ किलो गटात युक्रेनचा एक २१ वर्षांचा मुलगा उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि रिकाम्या हाताने घरी गेला. त्याचे नाव ओलेक्सांद्र उसिक. पुढच्या वर्षी मिलानमध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत दोघांनीही आपापल्या गटात कांस्यपदक मिळवले. म्हणजे त्या वेळी दोघे साधारण एकाच पायरीवर होते.

पुढे दोघेही व्यावसायिक झाले. उसिकने २४ पैकी २४ लढती जिंकल्या आणि दोन वजनी गटांत चारही प्रमुख संघटनांचे पट्टे एकाच वेळी कमरेला बांधले. विजेंदरने १४ पैकी १३ लढती जिंकल्या. त्याचा हिशेबही वाईट नाही. पण जागतिक किताबाच्या लढतीपर्यंत तो पोहोचलाच नाही. हौशी बॉक्सिंगमधून जगज्जेतेपदाकडे जाणारा रस्ता नेमका कसा असतो आणि तो कुठे तुटतो, हे या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की बरेच स्पष्ट होते.

हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एवढा फरक काय?

खेळ एकच दिसतो, पण हिशेब वेगळा असतो. हौशी बॉक्सर अंगात बनियन घालतो, देशासाठी खेळतो, आणि मोठ्या स्पर्धेत दोन आठवड्यांत चार-पाच लढती लढतो. उद्या समोर कोण येणार, हे ‘ड्रॉ’ ठरवतो. बीजिंगमध्ये एक लढत दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्यांची होती, लंडनमध्ये तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. त्या काळी पंच संगणकाची बटणे दाबून लागलेले ठोसे मोजत. ठोसा किती जोरात बसला याला फारसे महत्त्व नव्हते, स्वच्छ बसला की नाही याला होते. त्यामुळे झटपट मारून निसटणारा बॉक्सर फायद्यात राही.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बनियन नाही, डोक्याला संरक्षक टोप नाही, आणि किताबाची लढत तीन-तीन मिनिटांच्या १२ फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजली जाते. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, आणि कोणी खाली पडला तर त्याला बहुधा ८. वर्षाला दोन-तीन लढती झाल्या तरी पुष्कळ. सर्वांत मोठा फरक मात्र रिंगबाहेर आहे. इथे ‘ड्रॉ’ नसतो. कोणाशी, कुठे, किती पैशांत लढायचे हे प्रवर्तक ठरवतात. एखाद्या बॉक्सरला पाच वर्षे सोपे प्रतिस्पर्धी देऊन ‘अपराजित’ ठेवता येते, आणि एखाद्याला दुसऱ्याच लढतीत आगीत टाकता येते. उसिकचा मित्र आणि दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकांचा मानकरी वासिल लोमाचेन्को याने दुसऱ्याच लढतीत जागतिक किताबाला हात घातला होता. ती लढत तो हरला, तिसऱ्या लढतीत जिंकला.

शिवाय तेव्हा हा रस्ता एकेरी होता. व्यावसायिक झालेल्याला ऑलिम्पिकची दारे २०१६पर्यंत बंद होती. म्हणून कधी उडी मारायची, हा प्रश्न प्रत्येक चांगल्या हौशी बॉक्सरला छळत असे.

उसिक बॉक्सिंगमध्ये आला कसा?

उशिराच आला. १७ जानेवारी १९८७ रोजी क्रिमियातल्या सिम्फेरोपोल शहरात जन्मलेला उसिक आधी फुटबॉल खेळायचा. तिथल्या ताव्रिया क्लबच्या मुलांच्या संघात तो होता. घरची परिस्थिती बेताची, फुटबॉलचा खर्च झेपेना, म्हणून पंधराव्या वर्षी तो बॉक्सिंगकडे वळला. पण फुटबॉलने त्याला पाय दिले, आणि बॉक्सिंगमध्ये पाय हीच त्याची सर्वांत मोठी कमाई ठरली.

चारच वर्षांत, २००६मध्ये, त्याने युरोपीय स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. गट होता ७५ किलो, म्हणजे विजेंदरचाच! पुढे तो चढत्या वजनांतून वर गेला. हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे हेवीवेट गटात त्याच्यासमोर आलेली माणसे जन्मजात हेवीवेट होती, आणि हा मध्यम वजनातून मोठा झालेला. त्याचे हातपाय मध्यम वजनाच्या बॉक्सरच्या लयीत चालतात. शिवाय तो डावखुरा आहे, म्हणजे उजवा हात आणि उजवा पाय पुढे ठेवून लढतो. समोरच्याला त्याचा पुढचा पाय सतत आपल्या पायाच्या बाहेर, अडचणीच्या जागी दिसत राहतो, आणि तिथूनच डाव्या हाताचा सरळ ठोसा येतो.

युक्रेनच्या संघात त्याला घडवणाऱ्यांमध्ये लोमाचेन्कोचे वडील अनातोली लोमाचेन्को होते. आपल्या मुलाचे पाय हलके व्हावेत म्हणून या गृहस्थांनी त्याला काही वर्षे बॉक्सिंगऐवजी लोकनृत्याच्या वर्गाला घातले होते. लांब पल्ल्याचे पोहणे, श्वास रोखून धरणे, एकाग्रतेचे खेळ असा त्यांचा सराव. बाहेरून हे विचित्र वाटते. पण १२व्या फेरीत, छाती भात्यासारखी हलत असताना, समोरच्याच्या खांद्याची हालचाल वाचता येणे हे याच सरावाचे फळ.

उसिकच्या हौशी कारकिर्दीचा आकडा साधारण ३५० लढती आणि त्यात १५ पराभव, असा सांगितला जातो. आजच्या नामवंत व्यावसायिक हेवीवेटपैकी अनेकांच्या हौशी लढती पन्नासच्याही आत भरतात.

लंडन २०१२मध्ये काय घडले?

२०११मध्ये बाकू येथे उसिक जगज्जेता झाला आणि पुढच्या वर्षी लंडनला गेला. तिथला त्याचा रस्ता आज पाहिला तर थक्क व्हायला होते. उपांत्यपूर्व फेरीत त्याने रशियाच्या आर्तुर बेतेरबिएव्हला १७-१३ असे हरवले. हाच बेतेरबिएव्ह २०२४मध्ये लाइट हेवीवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता झाला. अंतिम फेरीत समोर होता इटलीचा क्लेमेंटे रुसो, म्हणजे बीजिंगमध्ये उसिकला घरी पाठवणारा माणूस. या वेळी उसिक १४-११ असा जिंकला आणि रिंगमध्येच युक्रेनचा ‘होपाक’ हा नाच नाचला.

तो देशात परतण्याआधीच त्याचे वडील वारले. अंत्यविधीच्या वेळी त्याने सुवर्णपदक वडिलांच्या हातात ठेवले होते.

त्याच स्पर्धेत, ९१ किलोच्या वरच्या गटात, ब्रिटनच्या अँथनी जोशुआने सुवर्णपदक जिंकले होते. जोशुआने अठराव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केले होते. ऑलिम्पिकपर्यंत त्याच्या जेमतेम चाळीसेक लढती झाल्या असतील. दोघांनी व्यावसायिक पदार्पणही एकाच हंगामात केले. जोशुआने ऑक्टोबर २०१३मध्ये लंडनला, उसिकने नोव्हेंबर २०१३मध्ये कीव्हला.

या दोहोंच्या मधले एक वर्ष उसिकने ‘वर्ल्ड सिरीज ऑफ बॉक्सिंग’मध्ये घालवले. ही अर्धी व्यावसायिक साखळी स्पर्धा होती. पाच फेऱ्या, बनियन नाही, टोप नाही, मानधन मिळणार, आणि तरी ऑलिम्पिकची पात्रता कायम. उसिक तिथे सहा लढती लढला, सहाही जिंकला. शाळा आणि नोकरी यांच्यामधल्या उमेदवारीसारखेच हे वर्ष होते. तीन फेऱ्यांच्या सवयीचे शरीर त्यामुळे थेट १२ फेऱ्यांत पडले नाही.

दहाव्याच लढतीत जगज्जेता कसा?

१७ सप्टेंबर २०१६. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात डब्ल्यूबीओ संघटनेचा क्रूझरवेट (९०.७ किलोपर्यंत) जगज्जेता ख्रिस्तोफ ग्वोवात्स्की आपल्याच प्रेक्षकांसमोर उभा होता. उसिकने १२ फेऱ्यांत त्याला गुणांवर हरवले. या गटात सर्वांत कमी लढतींत जगज्जेता होण्याचा मान तोवर इव्हँडर होलिफिल्डकडे होता, १२ लढतींचा. उसिकला दहा पुरल्या.

दहा लढतींत जगज्जेता, हे ऐकायला चमत्कारासारखे वाटते. तसे ते नाही. खरे तर ती त्याची ३६०वी लढत होती. शिकणे आधीच झाले होते, व्यावसायिक रिंगमध्ये फक्त फेऱ्यांची लांबी अंगवळणी पाडायची होती.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उसिकने जागतिक किताबाची एकही लढत युक्रेनमध्ये लढलेली नाही. पोलिश जगज्जेत्याला त्याने पोलंडमध्ये हरवले, जर्मनीच्या मार्को हुकला बर्लिनमध्ये, लात्वियाच्या मायरिस ब्रिएडिसला रिगामध्ये, ब्रिटिश टोनी बेल्यूला मँचेस्टरमध्ये आणि जोशुआला लंडनमध्ये. युक्रेनमध्ये मोठ्या लढतीचा खर्च निघेल एवढी तिकिटे आणि टीव्हीचा पैसा नव्हता. मग पैसा जिथे होता तिथे जायचे, आणि तिथल्या माणसाला त्याच्याच लोकांसमोर, त्याच्याच गावच्या टाळ्यांच्या गजरात हरवायचे. गुणांवर निकाल लागणाऱ्या खेळात पाहुण्याला हे किती महागात पडू शकते, हे कोणत्याही जाणकाराला विचारावे.

चार-चार पट्टे असतात तरी कशाला?

व्यावसायिक बॉक्सिंगला एकच अशी जागतिक संघटना नाही. डब्ल्यूबीए सर्वांत जुनी, तिची मुळे १९२१पर्यंत जातात. डब्ल्यूबीसी १९६३ची, आयबीएफ १९८३ची आणि डब्ल्यूबीओ १९८८ची. प्रत्येकीचा वेगळा जगज्जेता, वेगळी क्रमवारी, वेगळा पट्टा. किताबाच्या लढतीतल्या मानधनातून संघटना मान्यता शुल्क कापून घेते, ढोबळमानाने तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जितके किताब, तितकी मिळकत. त्यामुळे ‘अंतरिम’, ‘सुपर’, ‘आशिया-पॅसिफिक’, ‘ओरिएंटल’ असे पोटकिताबही निघत राहतात. हे धोरण खेळासाठी आहे की तिजोरीसाठी, असा प्रश्न पडला तर तो चुकीचा नाही.

चारही पट्टे एकाच माणसाकडे आले की तो ‘निर्विवाद’ जगज्जेता. हे क्वचित घडते, कारण दोन जगज्जेते समोरासमोर आले तर एकाचा पट्टा जाणार आणि दोन्ही प्रवर्तकांना ते नको असते. क्रूझरवेट गटात ही कोंडी ‘वर्ल्ड बॉक्सिंग सुपर सिरीज’ या आठ जणांच्या बाद फेरीच्या स्पर्धेने फोडली. हौशी स्पर्धेसारखा ‘ड्रॉ’ इथे पुन्हा आला, आणि साहजिकच उसिकला तो मानवला.

अंतिम लढत मॉस्कोत का गाजली?

२१ जुलै २०१८ रोजी अंतिम लढत झाली ती मॉस्कोत, रशियाच्या मुरात गासिएव्हविरुद्ध. आधी ठरलेले ठिकाण सौदी अरेबियातले जेद्दाह होते, पण उसिकच्या कोपराच्या दुखापतीमुळे लढत पुढे गेली आणि जागा बदलली. क्रिमिया रशियाने २०१४मध्येच ताब्यात घेतला होता आणि उसिक मूळचा क्रिमियाचा. तो मॉस्कोला गेला यावर युक्रेनमध्ये टीका झाली. ‘क्रिमिया कोणाचा?’ या प्रश्नाला त्या काळात तो थेट उत्तर देणे टाळायचा, हेही अनेकांना खटकले होते.

रिंगमध्ये मात्र काही शंका उरली नाही. एका पंचाने त्याला १२च्या १२ फेऱ्या दिल्या, इतर दोघांनी ११. गासिएव्हचा एकेक ठोसा माणूस झोपवणारा होता, पण ठोसा मारायला समोर माणूस तर हवा! उसिक क्रूझरवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला, तेही व्यावसायिक कारकिर्दीतल्या १५व्या लढतीत.

वजन वाढवून हेवीवेटमध्ये जाणे शहाणपणाचे होते का?

बहुतेकांना तसे वाटले नव्हते. हेवीवेट गटाला वरची मर्यादा नाही. ९१ किलोचा माणूसही हेवीवेट आणि १२५ किलोचाही. बॉक्सिंगमध्ये जुने वचन आहे की चांगला मोठा माणूस चांगल्या लहान माणसाला हरवतोच. इथे पैसा मात्र सर्वांत मोठा असतो. डब्ल्यूबीओच्या नियमानुसार खालच्या गटातल्या मोठ्या जगज्जेत्याला वरच्या गटात सक्तीचा आव्हानवीर म्हणून जागा मिळू शकते. उसिकला ती मिळाली. दोन लढती हेवीवेटमध्ये लढून तो थेट जोशुआसमोर उभा राहिला.

२५ सप्टेंबर २०२१. लंडनमधल्या टॉटनहॅम हॉटस्परच्या मैदानावर ६० हजारांहून अधिक प्रेक्षक. जोशुआ सुमारे १०९ किलोचा, उसिक सुमारे १०० किलोचा. जोशुआकडे उंची जास्त, हाताची लांबी जास्त, ताकद जास्त. पण १२ फेऱ्या तो उसिकशी बॉक्सिंग करत राहिला, म्हणजे उसिकचा खेळ खेळत राहिला. तिन्ही पंचांनी पाहुण्याला विजयी ठरवले. लंडन ऑलिम्पिकच्या दोन सुवर्णविजेत्यांमधला फरक तिथे दिसला. एक ऑलिम्पिकनंतर व्यावसायिक रिंगमध्ये शिकत मोठा झाला, दुसरा आधीच शिकून आला होता.

आणि मग युद्ध...

पाच महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष हल्ला केला. त्या वेळी परदेशात असलेला उसिक मिळेल त्या मार्गाने कीव्हला परतला आणि प्रादेशिक संरक्षण दलात बंदूक घेऊन दाखल झाला. तीन पट्ट्यांचा जगज्जेता शहराच्या गस्तीवर होता. कीव्हजवळच्या वोरझेल इथल्या त्याच्या घरात रशियन सैनिक घुसले. जोशुआशी पुन्हा लढण्याचा करार तर आधीच झालेला. जायचे की नाही, हा पेच त्याने स्वतःच अनेकदा सांगितला आहे. त्याच्या सांगण्यानुसार, रुग्णालयात भेटलेल्या जखमी सैनिकांनीच त्याला जाण्याचा आग्रह केला. रिंगमध्ये उभा राहिलास तर देशाचे नाव जगात निघेल, असे त्यांचे म्हणणे.

२० ऑगस्ट २०२२ रोजी जेद्दाहमध्ये जोशुआ अधिक आक्रमक होता. नवव्या फेरीत त्याने उसिकला चांगलेच हलवले. दहाव्या फेरीत उसिकने जे उत्तर दिले, ते त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम तीन मिनिटांपैकी एक मानले जाते. निकाल २-१ असा विभागून लागला, पण उसिकच्याच बाजूने. जोशुआने रागाच्या भरात पट्टे रिंगबाहेर फेकले आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन लांबलचक भाषण केले. हरलेल्याने एवढे बोललेले क्वचितच ऐकायला मिळते.

पुढच्या वर्षी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात डॅनिएल दुब्वाविरुद्धची लढत वादग्रस्त ठरली. पाचव्या फेरीत दुब्वाचा ठोसा कमरपट्ट्यावर बसला. पंचांनी तो कमरेखालचा, म्हणजे नियमबाह्य ठरवला. उसिकला सावरायला जवळपास चार मिनिटे मिळाली. तो नवव्या फेरीत जिंकला. ठोसा वैध होता असे दुब्वाच्या गोटाचे म्हणणे होते, आणि चित्रफीत पाहून तसे म्हणणारे तटस्थ जाणकारही कमी नाहीत. अपराजित कारकिर्दीतला हा एक काठावरचा क्षण आहे, तो झाकण्यात अर्थ नाही.

फ्युरीविरुद्ध एक गुण किती मोलाचा ठरला?

१८ मे २०२४च्या रात्री रियाधमध्ये ब्रिटनचा टायसन फ्युरी आणि उसिक समोरासमोर आले. फ्युरी सहा फूट नऊ इंच, सुमारे ११९ किलो आणि तोवर अपराजित. उसिक सहा फूट तीन इंच, सुमारे १०१ किलो. चारही पट्टे पणाला. १९९९मध्ये लेनॉक्स लुईसने होलिफिल्डला हरवले, त्यानंतर हेवीवेटला निर्विवाद जगज्जेता नव्हता.

चौथ्या ते सातव्या फेरीत फ्युरीने पोटातले ठोसे आणि खालून वर येणारे अपरकट यांचा मारा केला. सामना हातातून निघाला असे वाटत होते. आठव्यात उसिक परतला आणि नवव्यात त्याच्या डाव्या हाताने फ्युरी दोरांवर लडबडला. तो खाली पडला नाही, पण फक्त दोरांनी त्याला उभे धरले होते, म्हणून पंचांनी नियमानुसार मोजणी केली. फेरी संपल्याची घंटा झाली, नाहीतर लढत तिथेच संपली असती.

निकाल असा : एका पंचाकडे ११५-११२ उसिक, दुसऱ्याकडे ११४-११३ फ्युरी, तिसऱ्याकडे ११४-११३ उसिक. आता गंमत पाहा. त्या मोजणीमुळे फ्युरीला नवव्या फेरीत ९ऐवजी ८ गुण मिळाले. तो एक गुण कापला गेला नसता, तर तिसऱ्या पंचाचा आकडा ११४-११४ झाला असता आणि लढत बरोबरीत सुटली असती! २५ वर्षांची प्रतीक्षा त्या काही सेकंदांवर संपली. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत फ्युरी तब्बल १२७ किलोचा होऊन आला. या वेळी तिन्ही पंचांचा आकडा एकच होता, ११६-११२ उसिक.

न हरताही पट्टे गेले कसे?

निर्विवाद जगज्जेता होणे अवघड आणि तसे राहणे जवळपास अशक्य. प्रत्येक संघटना आपापला सक्तीचा आव्हानवीर पुढे करते, आणि एक माणूस चौघांशी एकाच वेळी लढू शकत नाही. फ्युरीशी दुसरी लढत करारात होती, म्हणून जून २०२४मध्ये उसिकने आयबीएफचा पट्टा सोडला. तो आपोआप अंतरिम विजेत्या दुब्वाकडे गेला. दुब्वाने वेम्ब्लीवर जोशुआला बाद करून तो आपल्याला शोभतो हे दाखवलेही. मग १९ जुलै २०२५ रोजी त्याच वेम्ब्लीवर ३८ वर्षांच्या उसिकने दुब्वाला पाचव्या फेरीत डाव्या हुकने झोपवले आणि चारही पट्टे पुन्हा गोळा केले. त्या ठोशाचे नाव ‘इव्हान’, खेड्यातला, शेतात राबणारा धिप्पाड गडी, असे त्याने नंतर हसत सांगितले.

नोव्हेंबर २०२५मध्ये त्याने डब्ल्यूबीओचा पट्टाही सोडून दिला आणि ब्रिटनचा फॅबियो वॉर्डली बसल्या जागी जगज्जेता झाला. म्हणूनच ‘जगज्जेता’ हा शब्द ऐकला की तो पट्टा कोणाला हरवून आला, हे आधी विचारावे लागते.

मग विजेंदर कुठे अडला?

कौशल्य कमी होते, असे म्हणता येणार नाही. ऑलिम्पिक आणि जागतिक पदके फुकट मिळत नाहीत. तो अडला तो वेळेत आणि बाजारात.

उसिक २६व्या वर्षी व्यावसायिक झाला, विजेंदर ऑक्टोबर २०१५मध्ये, तिशीला तीन आठवडे बाकी असताना. मधली वर्षे भारतीय बॉक्सिंगच्या गोंधळात गेली. डिसेंबर २०१२मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले होते. शिवाय पदक मिळाले की पोलीस, रेल्वे किंवा सैन्यदलात नोकरी आणि सरकारी बक्षीस ही भारतीय खेळाडूची खरी सुरक्षितता. विजेंदरकडेही हरियाणा पोलिसांतले पद होते. ती ऊब सोडून अनिश्चित बाजारात उतरायला धाडस लागते, आणि ते त्याने दाखवले हे मान्य करायलाच हवे. त्याच्याआधी असे करणारा त्याच्या तोडीचा भारतीय नव्हता.

सुरुवात झोकात झाली. ब्रिटनमधल्या प्रवर्तकाशी करार, मँचेस्टरमध्ये सराव, पहिल्या सहा लढतींत सहाही प्रतिस्पर्धी मुदतीआधीच गारद. जुलै २०१६मध्ये दिल्लीत ऑस्ट्रेलियाच्या केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक किताब मिळवला. ५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय संकुलात, चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला त्याने निसटत्या गुणांनी नमवले. तेव्हा डोकलामचा तणाव होता. विजयानंतर विजेंदरने हा किताब शांततेसाठी परत देण्याची भाषा केली आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली ती त्याचीच. पण तज्ज्ञांनी टिपले ते वेगळेच. दहा फेऱ्यांच्या उत्तरार्धात त्याचा वेग घसरला होता, आणि दोन पंचांच्या कागदावर अंतर फक्त एका गुणाचे होते.

नेमकी हीच जागा होती, जिथून पुढे कठीण प्रतिस्पर्ध्याकडे जायला हवे होते. उसिक दहाव्या लढतीत ग्दान्स्कला जाऊन जगज्जेत्यासमोर उभा राहिला. विजेंदरची दहावी लढत डिसेंबर २०१७मध्ये जयपूरला घानाच्या अर्नेस्ट अमुझूशी झाली. भारतात त्याच्या नावावर सभागृह भरत होते, पुरस्कर्ते होते, टीव्ही होता. घरच्या मैदानावर विजय विकला जात असेल, तर परक्या मैदानावर पराभवाचा धोका कोणता प्रवर्तक पत्करेल? युक्रेनकडे असा बाजार नव्हता, आणि उसिकच्या बाबतीत ते पथ्यावरच पडले.

पुढे लय तुटली ती तुटलीच. पहिल्या दहा लढती साधारण २६ महिन्यांत झाल्या होत्या. २०१८मध्ये एकही झाली नाही. अमेरिकेतल्या मोठ्या प्रवर्तकाशी करार झाला, २०१९मध्ये दोन लढती झाल्या, त्याच वर्षी दिल्लीतून लोकसभेची निवडणूकही लढवून झाली. १९ मार्च २०२१ रोजी पणजीत, मांडवी नदीतल्या ‘मॅजेस्टिक प्राइड’ या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर उभारलेल्या रिंगमध्ये रशियाच्या उंचापुऱ्या अर्तिश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत थांबवले. विजेंदर तेव्हा ३५ वर्षांचा होता आणि सोळा महिन्यांनी रिंगमध्ये उतरला होता. ऑगस्ट २०२२मध्ये रायपूरला त्याने आणखी एक लढत जिंकली.

भारताच्या एकाही पुरुष बॉक्सरने या चारपैकी एकाही संघटनेचा पूर्ण जागतिक किताब अजून जिंकलेला नाही. ‘भारतीय बॉक्सर जगज्जेता’ अशा बातम्या अधूनमधून झळकतात त्या बहुधा या चारच्या बाहेरच्या, छोट्या संघटनांच्या किताबांच्या असतात. दरम्यान, हौशी पदकांची रांग वाढतेच आहे, विशेषतः महिलांमध्ये. त्यातल्या कोणाला पुढे व्यावसायिक रिंगमध्ये जायचे असेल, तर पोलिसांतली नोकरी, घरचे प्रेक्षक आणि बिनपराभवाचा आकडा यांतले काय काय सोडायची तयारी आहे, हे त्यांना तिशीच्या बरेच आधी ठरवावे लागेल.